मासे सोडता का?

कशावर डॉक्टरेट मिळेल याचा हल्ली काही नेम राहिलेला नाही, असं सर वर्षानुवर्षं नाक मुरडून म्हणत आले होते. मेहुणा समोर असला की जरा जास्तच मोठ्याने म्हणत. या मेहुण्याने खेकड्याच्या मागच्या पायाच्या सांध्यावर प्रबंध लिहिला होता, आणि तेव्हापासून सासरी त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणत आणि सरांना नुसतं 'सर'. जेवायला बसलं की 'आधी डॉक्टरांना वाढा'. गाडीतून जायचं तर 'डॉक्टरांना पुढे बसू दे'. एकदा सासूबाईंच्या गुडघ्याला सूज आली तेव्हा त्यांनी तो गुडघासुद्धा मेहुण्यालाच दाखवला, आणि त्यानेही निर्लज्जपणे दाबून पाहिला. सांधा शेवटी सांधाच, असं त्याचं म्हणणं.

तर अशा या सरांनी एका सकाळी कॉलेजच्या सूचनाफलकावर एक जाहिरात वाचली आणि ते तिथेच खिळून राहिले. 'गोड्या पाण्यातील हौशी मासेमारीचे व्यवस्थापन : पीएच.डी. संशोधनाची संधी.' त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. म्हणजे हौस म्हणून गळ टाकून बसणारी माणसं, त्यांचे मासे, त्यांची तळी, त्यांचं ते तासन्‌तास न बोलणं, या सगळ्याचा अभ्यास करायचा आणि शेवटी नावाआधी 'डॉक्टर' लावायचं! सरांना नाक मुरडायचं सुचलंच नाही. उलट त्यांना भरून आलं. माणसाने किती लांबवर विचार केलाय, असं त्यांना वाटलं. नुसत्या बसलेल्या माणसाचाही कुणीतरी विचार केलाय!

भरून यायला आणखी एक कारण होतं. प्राचार्यांनी त्यांना आदल्याच आठवड्यात बोलावून, चहा पाजून, अतिशय गोड आवाजात सांगितलं होतं की पुढच्या वर्षीपासून डॉक्टरेट नसलेल्यांना वर्गावर जाता येणार नाही. ज्यांचं संशोधन सुरू असेल त्यांना सवलत. बाकीच्यांची सोय केली आहे. सरांची सोय नमुन्यांच्या खोलीत होती. तिथे बाटल्यांतून बेडूक, साप, विंचू वगैरे मंडळी सरांच्याही आधीपासून नोकरीला होती. सरांना पगाराचं काही वाटलं नाही, पगार तोच राहणार होता. पण वर्गावर जायचं नाही म्हणजे काय? फळ्यावर माशाचं हृदय काढताना त्यांना अजूनही खडू हातात आहे याचा विसर पडायचा. बेडकांना काय शिकवणार? आणि जाहिरातीत वयाची जी अट होती ती सरांना येत्या वाढदिवसाला बाहेर काढणार होती. आता नाही तर कधीच नाही, इतका सरळ हिशेब होता.

"तुम्हाला मासा पकडता येतो?" वहिनींनी विचारलं. वहिनी म्हणजे सरांची बायको. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, म्हणून आपणही म्हणू. त्या एका छापखान्यात मुद्रितं तपासतात. त्यांच्या तांबड्या पेन्सिलीतून आजवर एकही फालतू शब्द जिवंत सुटलेला नाही.

"पकडायचा नाही. व्यवस्थापन करायचंय."

"माशांचं?"

"माणसांचं. हौशी माणसांचं."

"मग त्यासाठी तलावावर कशाला जाता? घरात एक आहे, त्याचं करा की."

सरांनी हे मनाला लावून घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण दाखवलं नाही.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, कारण खालच्या मजल्यावर पोस्टमास्तर राहतात. निवृत्त झाले तरी वाटप करायची त्यांची सवय सुटलेली नाही. पत्रं उरली नाहीत तर ते बातम्या वाटतात. दुसऱ्या दिवशी जिन्यात सरांना सल्ल्यांचा नुसता मारा सुरू झाला. एकाने सांगितलं, गळाला कणीक लावा. दुसरा म्हणाला, कणीक वेड्यासारखी काय लावता, गांडूळ लावा. सोसायटीच्या सेक्रेटरीने बजावलं, गांडुळं जिन्यात ठेवायची नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तर सरांना दारातच थांबवलं आणि काळजीने विचारलं, "गोड्या पाण्यातले म्हणतोस, पण साखरेने माशांना काही होत नाही ना रे?"

अर्जासोबत एक छोटी पाहणी जोडायची होती. आपल्या जवळच्या तलावावरचे हौशी लोक पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडतात का, एवढंच विचारायचं. साधं काम! सरांनी रात्री बसून प्रश्न तयार केला : 'पकडलेला मासा जिवंत व सुस्थितीत पुनश्च त्याच जलाशयात परत सोडण्याकडे आपला सर्वसाधारण कल कितपत असतो?' वाचून त्यांचं त्यांनाच समाधान वाटलं. मग त्यांनी तो वहिनींना दाखवला, आणि इथे घात झाला.

"हे संपेपर्यंत मासा म्हातारा होईल," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी तांबडी पेन्सिल उचलली. 'जिवंत व सुस्थितीत' गेलं. 'पुनश्च' गेलं, कारण पुढे 'परत' होतं. मग 'परत'ही गेलं, कारण सोडायचं म्हणजे परतच. 'जलाशय' गेला. 'सर्वसाधारण' आणि 'कितपत' एका फटक्यात गेले. शेवटी कागदावर जे उरलं ते असं : 'मासे सोडता का?'

सर थक्क झाले. इतकी वर्षं संसार केला, पण आपल्या बायकोच्या अंगी एवढी ताकद आहे हे त्यांना असं कागदावर कधी दिसलं नव्हतं. कुणालाही कळेल, कुणीही उत्तर देईल असा प्रश्न! तो त्यांनी तसाच ठेवला.

तलावावर मात्र पहिल्या दिवशी कुणी उत्तर देईना. हातात कागद घेतलेला माणूस काठाकाठाने येतोय म्हटल्यावर लोक आपल्या बादल्यांवर टॉवेल टाकायचे. तिथे दाताचे डॉक्टर म्हणून एक गृहस्थ कायम येऊन बसत. आठवडाभर लोकांच्या उघड्या तोंडांत डोकावल्यावर सुट्टीच्या दिवशी त्यांना मिटलेली तोंडं बघायला आवडायची, आणि मासा त्या बाबतीत चांगला, असं ते म्हणत. त्यांनी सरांना बाजूला घेतलं. "असं कागद घेऊन फिरलात तर जन्मात कुणी बोलणार नाही. हातात गळ पाहिजे. गळ टाका, गप्प बसा, मग लोक आपणहून बोलतात."

गळ टाकायचा म्हणजे परवाना हवा. परवान्यासाठी मत्स्य खात्यात जायला हवं. सर गेले. खिडकीमागच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "मासेमारीचा उद्देश?"

"हौस."

"हौस असा रकाना नाही. उपजीविका, विक्री, निर्यात. यातलं काय ते बोला."

"पण मला खरंच हौस आहे हो."

"अहो, हौसेला परवानगी असती तर रकाना ठेवला नसता का?" कारकुनाने आता मान वर केली. त्याला सरांची दया आली असावी. त्याने बराच वेळ कागद खालीवर केले आणि अखेर सरांच्या हौसेला बसायला एक जागा शोधून काढली. परवान्यावर ठसठशीत अक्षरांत लिहून आलं : 'उपद्रवी जलचरांचा बंदोबस्त.' हा परवाना पोस्टमास्तरांनी जिन्यात मोठ्याने वाचून दाखवला, आणि त्या दिवसापासून इमारतीतली पोरं सरांना 'मगर सर' म्हणायला लागली. सरांना फार लागलं. पण सॉक्रेटिसालाही लोक काय काय म्हणत असतील, असं मनाशी म्हणून त्यांनी ते गिळलं.

परवाना घेऊन खात्यातून निघता निघता त्यांनी कारकुनालाही प्रश्न विचारून घेतला होता. "काय हो, तुम्ही मासे सोडता का?"

"आम्ही नाही तर कोण सोडणार?" कारकून अभिमानाने म्हणाला. "टँकर भरभरून सोडतो. मागे साहेब स्वतः सोडायला आले होते, फोटो आहे भिंतीवर."

सरांनी फोटो पाहिला आणि त्यांच्या अंगावर शहारे आले. टँकर भरून पकडायचे आणि टँकर भरून सोडायचे! सरकारी खात्यात इतकी माया असेल हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग सर गळ टाकून बसायला लागले. गांडुळं त्यांनी घरी फ्रिजमध्ये एका डब्यात ठेवली, त्यावर 'उघडू नये' असं लिहिलं, आणि ते लिहिल्यामुळेच चार दिवस राहायला आलेल्या सासूबाईंनी तो उघडला. त्यांची किंकाळी खाली पोस्टमास्तरांना ऐकू गेली. वहिनींनी त्याच दिवशी जाहीर केलं की संशोधनाची जागा मिळाली तर येऊन सांगा, तोवर मी त्या तलावाचं तोंड बघणार नाही आणि तुमचं बघावं लागतंय तेवढं पुरे आहे. सरांना मासा एकही लागला नाही. पण लोक खरंच बोलायला लागले. शिवाय पोस्टमास्तरांनी मदतीचं मनावर घेतलं आणि तलावावरच्याच नव्हे, तर सकाळी फिरायला येणाऱ्या, बागेत हसायला जमणाऱ्या, बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या साऱ्या लोकांना तोच प्रश्न विचारून उत्तरांच्या चिठ्ठ्या सरांच्या दारात आणून टाकल्या. वाटपाचा हात तो.

त्या चिठ्ठ्या सरांनी पुन्हा पुन्हा वाचल्या. जवळजवळ सगळ्यांनी 'हो' म्हटलं होतं! एकाने लिहिलं होतं, 'सोडले. तेव्हापासून फार हलकं वाटतं.' दुसऱ्याने, 'डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सोडले.' सर मनोमन दाताच्या डॉक्टरांच्या पाया पडले. हा माणूस गप्प बसून केवढं काम करतोय! एका बाईंनी लिहिलं होतं, 'सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या आठवणीसाठी सोडले.' सरांचे डोळे ओले झाले. एकाने, 'दोनदा सोडले, पुन्हा धरले.' याला म्हणतात खरा हौशी! आणि एका प्रामाणिक माणसाने लिहिलं होतं, 'सोडायचे आहेत, पण जीव होत नाही.' ही एक चिठ्ठी सरांनी कितीतरी वेळ हातात धरून ठेवली.

आता तुम्ही हसताय. सरांना हसू आलं नाही. आपण ज्या शहरात राहतो, ज्याच्या रस्त्यांना, नळांना, कचऱ्याला रोज शिव्या घालतो, त्या शहरात मनाने एवढी मोठी माणसं राहतात, हे बघून ते चार दिवस रस्त्यात भेटेल त्याला नमस्कार करत होते.

अर्जासोबत पाहणी विद्यापीठात गेली, आणि तिथल्या ज्या मॅडमांच्या हाताखाली संशोधन करायचं होतं त्यांचा फोन आला. मॅडमांचा आवाज कापत होता. "सर, मी या विषयात उभा जन्म काढला. माझ्या स्वतःच्या पाहणीतही आकडे एवढे वर गेले नव्हते. मी स्वतः येते. तलाव बघते, माणसं बघते, आणि जागेचं काय ते तिथेच ठरवून टाकू."

रविवारी सकाळी सर तलावावर गेले तेव्हा पोस्टमास्तरांनी तिथे खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. सेक्रेटरी आले होते, बागेत हसणारे आले होते, मत्स्य खात्याचा कारकूनसुद्धा इस्त्रीचे कपडे घालून आला होता. दाताचे डॉक्टर मात्र नेहमीच्या दगडावर नेहमीसारखे बसलेले. सरांनी मॅडमांना काय दाखवायचं ते ठरवून आपला गळ टाकला, काठी दोन दगडांच्या खाचेत उभी केली आणि ते मॅडमांना रस्त्यावरून काठावर घेऊन आले.

मॅडम आल्या आणि पाण्याकडे बघत राहिल्या. पाण्यावर अजून धुकं होतं. ते हळूहळू वर चढत होतं आणि त्याच्या खालून एकेक गळाची काठी, एकेक माणूस दिसायला लागत होता. कुणी हलत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. एवढी माणसं एका जागी आणि एवढी शांतता सरांनी वर्गात कधी पाहिली नव्हती. "वा," मॅडम हळूच म्हणाल्या. सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग मॅडम दाताच्या डॉक्टरांजवळ गेल्या. "तुम्ही मासे सोडता ना?"

"हो तर. कधीचेच सोडले."

मॅडमांनी त्यांच्या बादलीत डोकावून पाहिलं. बादलीत चांगले तीन मासे होते. "मग हे?"

"हे घरच्यांसाठी. माझे सांधे धरतात ना, म्हणून मला बंद आहेत. बायको आणि मुलं खातात."

मॅडमांनी सरांकडे पाहिलं. सरांनी पोस्टमास्तरांकडे पाहिलं. पोस्टमास्तरांना वाटलं, आपली साक्ष हवी आहे. ते पुढे सरसावले. "मॅडम, मीसुद्धा सोडले. पित्त व्हायचं. आता पूर्ण बंद, फक्त अंडं."

"पण मी हलकं वाटतं म्हणून जे लिहिलं होतं..." बागेत हसणाऱ्यांपैकी एक जण म्हणाले, "ते पोटाला हलकं."

"आम्ही मात्र नियमित सोडतो," कारकुनाने खुलासा केला. "यंदाही पिल्लांचा टँकर मागवलाय. तुम्ही म्हणाल तेव्हा सोडू."

सरांच्या पायाखालची वाळू सरकली. सगळं त्यांना एकदम कळलं, आणि असं काही एकदम कळावं याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्या बाईंच्या सासूबाई, तो दोनदा सोडून पुन्हा धरणारा, तो जीव न होणारा. सगळे ताटातले मासे! शहरात मनाने मोठी माणसं कुणी नव्हती, पथ्यावरची माणसं होती. सरांना नमुन्यांच्या खोलीचा वास इथे काठावर यायला लागला. मॅडमांच्या तोंडाकडे बघायची त्यांची छाती होईना.

मॅडम खुर्चीवर बसल्या नाहीत, जमिनीवरच बसल्या. "सर, तुम्ही नेमका प्रश्न काय विचारला होता? शब्दाला शब्द सांगा."

"मासे सोडता का," सर तोंडातल्या तोंडात म्हणाले.

मॅडमांनी डोळे मिटले. "आम्हीही हाच विचारला होता."

"काय?"

"माझी मोठी पाहणी. कितीतरी तलावांवर केलेली. हाच प्रश्न, हेच शब्द. परिषदेत मी ते आकडे वाचले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते हो." त्यांनी साडीच्या काठाला लागलेली वाळू झटकली. "मला वाटलं होतं, आपली माणसं जगावेगळी आहेत."

"मलाही," सर म्हणाले.

दोघंही पाण्याकडे बघत बसली. सांत्वन कुणी कुणाचं करायचं हाच प्रश्न होता. आणि तेवढ्यात सरांच्या दोऱ्यावरचं, पाण्यावर तरंगणारं लाल बूच दिसेनासं झालं.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग काठी खाचेतून उडाली आणि दगडांवरून खडखडत पाण्याकडे निघाली. सर तिच्यावर अक्षरशः पालथे पडले. खिशातला फोन पाण्यात गेला, चष्मा मॅडमांनी झेलला. काठी अशी वाकली की तिचं टोक त्यांना दिसेना. पलीकडून कुणीतरी ओढत होतं. ओढत होतं म्हणजे काय, घेऊन जात होतं! सरांनी आयुष्यभर माशांचे सांगाडे शिकवले होते, पण माशाला इतकी इच्छा असते हे त्यांना कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

"ढील द्या!" दाताचे डॉक्टर ओरडले. ते ओरडलेले पहिल्यांदाच ऐकत होते सगळे. "ओढू नका, ढील द्या! हां, आता गुंडाळा. हळू. परत ढील!"

सगळा काठ सरांच्या मागे गोळा झाला. सेक्रेटरींनी सरांना कमरेला धरलं, सेक्रेटरींना पोस्टमास्तरांनी धरलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. सर गुडघाभर पाण्यात होते, नाकातोंडात पाणी उडत होतं, आणि मग पाण्याखालून काहीतरी वर आलं.

मासा होता, पण मासा म्हणायला जीभ धजत नव्हती. लहान मूल आडवं धरावं एवढा. अंगावर मोठे मोठे खवले, जुन्या पितळेच्या रंगाचे, आणि त्यावर सकाळचं ऊन. कल्ले सावकाश उघडत होते, मिटत होते. त्याचा एक डोळा सरांकडे होता. त्या डोळ्यात राग नव्हता, भीतीही दिसत नव्हती. एवढं प्रचंड काहीतरी आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होतं, आणि आपण इतकी वर्षं त्याच पाण्याच्या काठाने भाजी घेऊन जात होतो! सरांना रडू आलं, आणि त्यांनी ते आवरलं नाही.

"अरे बापरे," कारकून म्हणाला. "हा आम्ही सोडलेला नाही. हा आमच्या आधीचा आहे."

"हात ओले आहेत ना?" मॅडम पाण्यात उतरत म्हणाल्या. साडी भिजल्याचं त्यांना भान नव्हतं. "कोरड्या हाताने धरू नका, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. पाण्यातच असू दे."

दाताच्या डॉक्टरांनी खिशातून आपला चिमटा काढला, ते माशाच्या तोंडाशी वाकले आणि सवयीने म्हणाले, "आ करा." माशाने आ केला. गळ निघाला. पण डॉक्टर तसेच वाकून बघत राहिले. "मॅडम, हे बघा. ओठाला जुनी जखम आहे. भरून आलेली. याला पूर्वी एकदा गळ लागला होता."

मॅडमांनी वाकून पाहिलं. "दोरा तोडून गेला असेल. किंवा..."

"किंवा?" सरांनी विचारलं.

"किंवा कुणीतरी सोडला असेल. सांगता येत नाही."

मागून पोस्टमास्तर घाईघाईने म्हणाले, "सर, मी घरी निरोप धाडतो, मोठी कढई काढून ठेवायला. सगळ्या इमारतीला पुरेल. मीसुद्धा आजच्या दिवस खाईन."

सरांनी माशाचं तोंड आत, खोल पाण्याकडे केलं. हात त्याच्या पोटाखाली नुसते ठेवले. मासा लगेच गेला नाही. तो त्यांच्या हातांत जड, थंड आणि जिवंत पडून राहिला, श्वास घेत राहिला. मग त्याची शेपटी एकदा हलली. मग सरांच्या हातांत फक्त पाणी उरलं.

काठावर कुणी हललं नाही. बोललंही नाही. ज्या पाण्यात आता काहीच दिसत नव्हतं त्या पाण्याकडे सगळे टक लावून बघत होते. सेक्रेटरी, कारकून, हसणारे, पोस्टमास्तर, आपल्या बादलीसकट दाताचे डॉक्टर. सगळ्यांच्या तोंडाचा आ झालेला.

"बघितलंत?" मॅडम अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "मासा गेला. खायला काही उरलं नाही. तरी एक माणूस घरी जात नाहीये. हे का, ते मला अजून माहीत नाही." त्यांनी सरांना चष्मा दिला. "मला माणूस हवा आहे, सर. माझी पाहणी पहिल्यापासून पुन्हा करायला. सगळे प्रश्न नव्याने लिहायला. वाकडं काही आढळलं तर माझ्याच तोंडावर सांगायला. याल?"

सर हो म्हणाले. निदान नंतर सगळे तसं सांगतात. सरांना स्वतःला ते नीट आठवत नाही, कारण ते पाण्याकडे बघत होते.

ते घरी आले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. बूट पचपच वाजत होते. वहिनींनी दार उघडलं. सकाळपासून त्यांनी फोन लावून लावून बोटं दुखवून घेतली होती, आणि तलावाचं तोंड बघणार नाही म्हटल्यामुळे त्यांना जाताही येत नव्हतं. त्यांनी नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. भिजलेला, चिखलाने माखलेला, डोळे लाल.

"नाही मिळाली ना?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "जाऊ दे हो. बसा आधी. बाटल्या तर बाटल्या. मी येत जाईन दुपारची डबा घेऊन, त्या बेडकांसमोर बसून जेवू दोघं."

"अगं, एवढा होता," सर म्हणाले.

"कोण?"

"एवढा. आणि बघत होता माझ्याकडे. माझ्या हातात होता, अगं. या हातांत."

"अहो, मी जागेचं विचारतेय."

"कसली जागा?" सर गोंधळले. मग त्यांना आठवलं. "हां, ती ना? ती मिळाली. पण तू ऐक तर! त्याचे खवले असे होते..."

वहिनी खाली बसल्या. पदराने त्यांनी आधी डोळे पुसले, मग नाक पुसलं. सरांचं एक वाक्य संपत नव्हतं, दुसरं धड सुरू होत नव्हतं, एकच शब्द चार चार वेळा येत होता. वहिनींनी एकही कापला नाही.

"केवढा म्हणालात?" त्यांनी विचारलं.

सरांनी हात पसरले. डावा हात कपाटाला लागला, उजवा खुर्चीच्या पाठीला अडला. वहिनी उठल्या आणि त्यांनी खुर्ची बाजूला घेतली.